प्रेमिलाबाईंच्या आवाजाची स्थळप्रत

कुठलाही कागद एकटा ठेवू नये, असं चंद्रभानजी लांजेवारांचं पक्कं मत होतं. पाटबंधारे खात्यातली अख्खी नोकरी त्यांनी याच मतावर काढली. मूळ प्रत साहेबाकडे, दुसरी वरच्या ऑफिसला आणि स्थळप्रत आपल्या फाइलीत. मग कालव्याला पाणी येवो न येवो, माणूस रात्री सुखाने झोपू शकतो. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या त्या छोट्या बंगल्यात, सगळ्यात मोलाची वस्तू एकुलत्या एका प्रतीत पडून होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पत्ता लागला तो डिसेंबरात, कॉम्प्युटर कण्हायला लागला तेव्हा. जात्यात खडा आल्यावर होतो तसा आवाज त्यातून यायचा. शेजारच्या रुपरावांचा रजत मिहानमधल्या एका कंपनीत कामाला होता. तो आला, डब्याला कान लावून बसला आणि डॉक्टरसारखा चेहरा करून उठला.

"काका, हार्ड डिस्क जाऊन राहिली. दोन महिने चालंल, नाही तं दोन दिवस. यातलं सगळं दुसरीकडे कुठं ठेवलं आहे ना?"

"दुसरीकडे म्हणजे?"

"म्हणजे बॅकअप."

चंद्रभानजींनी हातातला कप तसाच खाली ठेवला. दुसरीकडे काहीच नव्हतं.

त्या कॉम्प्युटरमध्ये पेन्शनचे कागद होते, मुलीच्या, म्हणजे मिनलच्या, लग्नाचे फोटो होते. पण त्यासाठी त्यांचा चहा थंड झाला नसता. त्यात त्यांच्या बायकोची, प्रेमिलाबाईंची, भुलाबाईची गाणी होती. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत आपल्याकडच्या पोरीबाळी घरोघर तिची गाणी म्हणतात, शेवटी बंद डबा खुळखुळ वाजवून आतला खाऊ ओळखायला लावतात, हे कोणाला सांगायला नको. प्रेमिलाबाई खाप्याकडच्या. मावशी, आत्या, आजी अशा तीन-चार जणींची गाणी त्यांच्या एकट्या गळ्यात उतरली होती, आणि गळा असा की पलीकडच्या गल्लीतली बाई कणीक मळता मळता थांबायची. दरवर्षी त्या महिन्यात चंद्रभानजी त्यांना मागच्या खोलीत बसवत, खिडक्या लावत, आणि घड्याळाची टिकटिक गाण्यात येऊ नये म्हणून स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढत. गाणं झाल्यावर तो परत बसवायची त्यांना कधीच आठवण राहायची नाही. त्यामुळे भुलाबाईच्या महिन्यात लांजेवारांकडे कायम दुपार असायची.

मग दोन वर्षांमागे प्रेमिलाबाईंच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण आवाज बसला तो बसलाच. बोलायला काही अडचण नव्हती. वरच्या पट्टीत गेलं की मात्र आवाज फुटायचा. त्या रडल्या-बिडल्या नाहीत. "झालं तं झालं. आता काय मले स्टेजवर जायचं आहे?" एवढं म्हणाल्या आणि गाणं जे सोडलं ते सोडलं. चंद्रभानजींनी एकदा जुनं गाणं लावलं तर उठून स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हापासून ते कानाला हेडफोन लावून ऐकत आणि बातम्या ऐकतो म्हणून सांगत. बातम्या ऐकताना माणसाचे डोळे भरून येत नाहीत, हे प्रेमिलाबाईंना कळत नसेल असं नाही. पण त्या कधी काही बोलल्या नाहीत.

तर हा आवाज त्या कण्हणाऱ्या डब्यात होता आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

कॉलनीत संकट लपत नाही. संध्याकाळी मारोतरावांच्या ओट्यावर बैठक बसली. मारोतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातली प्रत्येक मौल्यवान वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये असली पाहिजे आणि बाकीची आपल्या खिशात. रुपरावांचं सदरला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. त्यांचा भरवसा सीडीवर.

"सोनेरी सीडी घ्या गा. शंभर वर्षं हलत नाही. मी शूट केलेल्या लग्नांच्या सीड्या अजून चालतात."

"अन् लग्नं?" मारोतराव.

"त्यातली काही नाही चालली," रुपरावांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

शेवटी रजतने समजावून सांगितलं. प्रती तीन पाहिजेत, दोन तऱ्हेच्या वस्तूंवर पाहिजेत, आणि त्यातली एक घराबाहेर पाहिजे. घराला आग लागली, चोरी झाली, तरी बाहेरची प्रत राहते. हे ऐकून चंद्रभानजींचे डोळे पाणावले. अख्ख्या जगाच्या कॉम्प्युटरवाल्यांना एवढं शिकून शेवटी जे सापडलं, ते पाटबंधारे खात्यातला साधा आवक-जावक कारकून पहिल्या दिवसापासून करत होता! निवृत्तीनंतर इतका मान त्यांना कोणी दिला नव्हता. घरी येऊन त्यांनी प्रेमिलाबाईंना "पेन्शनचे कागद सुरक्षित करतो आहे" असं सांगितलं आणि कामाला लागले.

पहिला प्रयोग आभाळातला, म्हणजे क्लाउडचा. रजतने मोबाइलवरून खातं उघडून दिलं, सगळं आपोआप वर जाईल म्हणाला, आणि ऑफिसला गेला. चार दिवस कॉम्प्युटर वर काहीतरी पाठवत राहिला. पाचव्या दिवशी 'जागा संपली' असं आलं. फुकटची जागा भरली कशाने हे चंद्रभानजींनी उघडून पाहिलं, तर मारोतरावांनी गेल्या कित्येक वर्षांत रोज सकाळी मोबाइलवर पाठवलेली शुभ प्रभातची फुलं! गुलाब, झेंडू, दव पडलेलं जास्वंद, उगवता सूर्य, आणि परत गुलाब. प्रेमिलाबाईंची गाणी रांगेत सगळ्यात मागे, दारातच उभी. जगबुडी आली असती तर मारोतरावांचे गुलाब तेवढे वाचले असते. जास्तीची जागा विकत घ्यावी तर दर महिन्याला भाडं, आणि बायकोचा आवाज भाड्याच्या खोलीत ठेवणं चंद्रभानजींच्या तत्त्वात बसत नव्हतं.

दुसरा प्रयोग लॉकरचा. सदरहून नवी हार्ड डिस्क आणली, गाणी त्यात उतरवली आणि बँकेत गेले. तिथे काउंटरवर एक तरुण मुलगी होती.

"लॉकरमध्ये काय ठेवायचं आहे सर?"

"हार्ड डिस्क."

"त्यात काय आहे?"

"बायकोचा आवाज."

तिने पेन खाली ठेवलं. "सॉरी सर. कधी गेल्या?"

"कुठं गेली? बुधवार बाजारात भाजी आणायले गेली."

प्रकरण मॅनेजरकडे गेलं. मॅनेजरने नियमांचा कागद काढला. स्फोटकं चालत नाहीत, नाशवंत माल चालत नाही, हत्यार चालत नाही. हार्ड डिस्कबद्दल कागद गप्प होता. "मी नाही म्हणत नाही साहेब, पण हो कसं म्हणू? वरून विचारावं लागेल. अर्ज द्या, तीन प्रतींत." दुसरा कोणी असता तर भडकला असता. चंद्रभानजींना मात्र गहिवरून आलं. अशी माणसं अजून खुर्चीवर आहेत, देश अगदीच वाऱ्यावर नाही, असं ते घरी येऊन दोनदा म्हणाले. उत्तर येईपर्यंत डिस्क त्यांच्या उशाशी होती.

उत्तर आलं: हरकत नाही. मग सगळं सुरळीत पार पडायला काय हरकत होती? पण लांजेवारांच्या घरात नवं यंत्र पूजेशिवाय कधी कामाला लागलेलं नाही. फ्रिजला हार, स्कूटरला लिंबू, मिक्सरला कुंकू, हे सगळं झालेलं. आणि ही तर तिजोरीत जाणार! चंद्रभानजींनी डिस्क पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि नारळ हातात घेतला.

"अजी, बाहेर फोडा नं," प्रेमिलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मशीनच्या डोक्यावर काहून फोडून राहिले?"

"आमच्या खात्यात पंपावरच फोडत होतो. पंप काय बंद पडले?"

"पंप पाण्याचेच असतात."

हे वाक्य त्यांच्या कानात शिरेपर्यंत नारळ फुटला होता. चांगला नारळ होता, भरपूर पाण्याचा. रजतने संध्याकाळी डिस्क उलटी केली तेव्हा त्यातून उरलेलं तीर्थ टपकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, हे त्या पाटाकडे बघून शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दुसरा माणूस इथे हरला असता. पण चंद्रभानजींचा पिंड वेगळा. खात्यात एक प्रस्ताव सात वेळा परत आला तर आठव्यांदा जास्त प्रती जोडून पाठवणारा हा माणूस! त्यांनी ठरवलं, आता एक मोठी प्रत नको, पुष्कळ लहान प्रती हव्यात. सीताबर्डीला गेले आणि दोन डझन पेन ड्राइव्ह घेऊन आले. एक मेहुणा धर्मेंद्रकडे कामठीला, एक पुतण्या सौरवकडे बुटीबोरीला, एक मिनलकडे, असे गावोगाव ठेवायचे. नागपूर बुडालं तर कामठीत प्रत राहील, आणि कामठी बुडालं तर बुटीबोरीत.

मग पंधरा दिवस ते मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. एक पेन ड्राइव्ह लावायचा, गाणी भरायची, काढायचा, दुसरा लावायचा. कॉम्प्युटरचं कण्हणं दर प्रतीला वाढत होतं. कानाला हेडफोन लावून ते प्रत्येक प्रतीतली सगळी गाणी तपासत, कारण तपासल्याशिवाय 'खरी नक्कल' कशी म्हणणार? याच काळात प्रेमिलाबाई दारात येऊन काहीतरी म्हणाल्या होत्या. चंद्रभानजींनी मान डोलावली होती. डोलावली कारण त्याच क्षणी कानात त्याच बाईंचा आवाज वरच्या पट्टीला भिडला होता, आणि त्यापुढे त्यांना जगातलं काहीही कबूल होतं.

भरलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह त्यांनी एका लहान पारदर्शक पिशवीत घातला आणि तिला लाल फीत बांधली. सरकारी सवय, दुसरं काही नाही. सगळ्या पिशव्या स्टीलच्या डब्यात आणि डबा देवघराच्या कपाटात, कारण तिथे ओल येत नाही आणि चोरही चार वेळा विचार करतो. वाटप संक्रांत आणि करीचा दिवस गेल्यावर करायचं ठरलं. वाईट दिवशी प्रत घराबाहेर काढायची नाही.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी चंद्रभानजी सदरला गेले. नारळ प्यालेली डिस्क वॉरंटीत बदलून मागायची होती. पैशाचा प्रश्न नव्हता, तत्त्वाचा होता. दुकानदार म्हणाला, पाणी गेलेलं वॉरंटीत चालत नाही. चंद्रभानजी म्हणाले, हे पाणी नव्हे, तीर्थ आहे. तुमच्या कागदात तीर्थाचा उल्लेख दाखवा. दुकानदाराने अख्खा कागद वाचला. तीर्थ त्यात खरंच नव्हतं. पण डिस्कही काही बदलून मिळाली नाही. यातच दुपार गेली.

घरी आले तर अंगणात रांगोळी, दारात अत्तराचा वास, आणि दिवाणखान्यात प्रेमिलाबाई जरीची साडी नेसून अशा बसलेल्या की चंद्रभानजी उंबऱ्यावरच थांबले. असा उजळलेला चेहरा त्यांनी ऑपरेशननंतर पाहिला नव्हता.

"तुम्ही तं कमाल केली!" प्रेमिलाबाई उठून म्हणाल्या. "मले वाटलं होतं, मान डोलावली पण विसरून गेले असाल. हळदीकुंकवाच्या वेळेवर कपाट उघडलं अन् पाहते तं काय, वाण तयार! लाल फितीसकट! सगळ्या बायांनी नावाजलं. मारोतरावांची माया म्हणे, दर साली प्लास्टिकच्या डब्या लुटतात, हे पहिलं वाण कामाचं. आमच्या ह्यांना जन्मात सुचलं नसतं म्हणे."

चंद्रभानजींच्या पायाखालची जमीन सरकली. मान डोलावली होती ती यासाठी होय! 'यंदा वाण तुम्ही आणा, काही तरी नवीन आणा.' दोन डझन प्रती, तपासलेल्या, फीत बांधलेल्या, कॉलनीतल्या दोन डझन बायकांनी पदराच्या ओटीत घालून नेल्या होत्या.

इथे खरं बोलायला हवं होतं. पण प्रेमिलाबाईंनी तिळाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला आणि परत म्हणाल्या, "कमाल केली." लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द त्यांच्या वाट्याला आज पहिल्यांदा आला होता. चंद्रभानजींनी लाडू खाल्ला आणि म्हणाले, "मग! म्हटलं, काही तरी वेगळं पाहिजे."

एवढं घाबरायचंही कारण नव्हतं. मूळ प्रत होती ना! ते मागच्या खोलीत गेले, बटण दाबलं. दोन डझन वेळा तीच गाणी ओकून दमलेला तो म्हातारा डबा एकदा खोल कण्हला, मग टक् टक् टक् असा वाजला, आणि गप्प झाला. रजतने डिस्क काढून आपल्या ओळखीच्या माणसाकडे नेली. त्याने उघडून पाहिली आणि आतल्या चकतीवर ओरखडे पडल्याचं सांगितलं. आता त्यातून काही निघणार नव्हतं.

म्हणजे आता तो आवाज फक्त दुसऱ्यांच्या घरात होता, आणि ज्यांच्या घरात होता त्यांना ते माहीत नव्हतं. बरं, सरळ जाऊन मागावा, तर वाण परत मागत नाहीत. दिलेलं वाण परत मागणं म्हणजे त्या घरच्या सवाष्णीचा अपमान, आणि आपल्या घरच्या सवाष्णीला अपशकुन. हे चंद्रभानजींना त्यांच्या आईने शिकवलं होतं, आणि शासननिर्णयाइतकंच ते पाळत.

तरी गेले. आधी मारोतरावांकडे.

"वहिनी, तो पेन ड्राइव्ह जरा पाहायचा होता. दुकानदार म्हणतो, माल तपासून घ्या."

माया वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "काहून भाऊजी, वाण परत मागून राहिले का?"

"नाही, नाही! फक्त गुणवत्ता—"

"गुणवत्ता चांगली आहे. ह्यांनी कालच सगळं पुसून त्यात आपलं रिटायरमेंटचं भाषण भरलं."

आतून मारोतरावांचा आवाज आलाच, "सन्माननीय व्यासपीठ..." चंद्रभानजी कानावर हात ठेवल्यासारखे बाहेर पडले.

रुपरावांच्या घरी कामिनी वहिनींनी तर ते वाण दुसऱ्याच दिवशी काटोलला बहिणीच्या हळदीकुंकवात पुढे देऊन टाकलं होतं. "वाण फिरतंच असते भाऊजी, तुम्हाले काय सांगावं." कोपऱ्यावरच्या काजलने, जी शाळेत शिकवायची, त्यात मुलांचे पेपर भरले होते असं घरच्यांनी सांगितलं, आणि ती शाळेतून अजून आली नव्हती. चौथ्या घरी चंद्रभानजी नुसतं पाणी पिऊन परत आले, कारण विचारायला तोंड उघडायच्या आतच त्या बाईंनी फार करुणेने पाहिलं. बातमी त्यांच्या पुढे धावत होती. संध्याकाळपर्यंत कॉलनीत पक्कं झालं होतं की लांजेवार साहेबांची पेन्शन थांबली आहे आणि बिचारे वाणाच्या वस्तू गोळा करून दुकानाला परत विकत आहेत. रात्रीच्या जेवणाला एका घरून पाटवडीचा रस्सा आला, दुसऱ्या घरून भाकरी. आयुष्यभर कोणाचा चहासुद्धा फुकट न प्यालेला माणूस तो! त्यांनी डोळे मिटून रस्सा खाल्ला. रस्सा उत्तम होता, हे त्यांना जास्त लागलं.

डबे पाहून प्रेमिलाबाईंना काय ते कळलं. "अजी," त्या समोर बसल्या, "आता सांगा. काय होतं त्यात?"

"पेन्शनचे कागद."

"दोन डझन?"

चंद्रभानजींनी ताटाकडे पाहिलं. "तुझी गाणी होती. सगळी. अन् आता घरात एकही नाही."

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू इतकी खूष होती. कमाल केली म्हटलं. मले वाटलं, एक तरी दिवस राहू दे तसंच."

प्रेमिलाबाई आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसले, मग परत हसल्या. पण बोलल्या तेव्हा आवाज ठाम होता. "ऐका. गाणी गेली तं गेली. माझा गळा गेला तेव्हा मी कोणाच्या दारात गेली का? बायांनी मानानं नेलेलं वाण आहे ते. आता कोणाच्या घरी जायचं नाही."

चंद्रभानजी गेले नाहीत. बाईमाणूस म्हणून तिचं कौतुक करावं तर ते थोडं, आणि माणूस म्हणून करावं तर शब्द नाहीत, असं त्यांना वाटलं. हेडफोन त्यांनी गुंडाळून खणात ठेवला. आता बातम्याही राहिल्या नव्हत्या.

रथसप्तमीच्या दुपारी फाटक वाजलं. चंद्रभानजींनी पाहिलं तर अंगणात कॉलनीतल्या बायांचा ताफा, पुढे माया वहिनी, मागे लॅपटॉप काखेत मारलेला रजत. परत कोणी रस्सा आणला की काय, या भीतीने ते आत पळणार होते. पण माया वहिनींच्या हातात झाकण लावलेला स्टीलचा डबा होता, आणि तो त्यांनी त्यांच्या नाकासमोर धरून खुळखुळ वाजवला.

"ओळखा भाऊजी, खाऊ काय आहे?"

"आता? भुलाबाई तं आश्विनात," चंद्रभानजी गोंधळले.

"तिचं आम्ही पाहून घेऊ. वाण परत करता येत नाही, खाऊ तं देता येते. पण ओळखल्याशिवाय नाही. ओळखा!"

परत खुळखुळ झालं. चंद्रभानजींच्या मनात जे आलं ते तोंडावर आणायची त्यांची हिंमत होईना. नाही निघालं तर? "रेवड्या," ते म्हणाले. बाया "नाही!" म्हणाल्या. "चिक्की." "नाही!" "फुटाणे?" "नाही जी नाही!"

"माझा आवाज आहे का वं त्यात?"

दारात प्रेमिलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या त्या बसलेल्या, खरबरीत आवाजात एवढा एकच प्रश्न आला. माया वहिनींनी डबा प्रेमिलाबाईंच्या हातात दिला आणि डोळ्याला पदर लावला.

बाकीचं काजलने सांगितलं. तिने पेपर भरले होते, पण आधीचं पुसलं नव्हतं. सहज एक गाणं उघडून पाहिलं आणि स्वयंपाक तसाच टाकून माया वहिनींकडे पळाली. भाऊजी वाण का मागत होते ते वहिनींना तेव्हा उमगलं, आणि त्यांनी घरोघर फोन केले. ज्यांनी पुसलं होतं त्या हळहळल्या, ज्यांनी कपाटात टाकून दिलं होतं त्यांनी शोधून आणलं, आणि कामिनी वहिनी काटोलला जाऊन बहिणीशी भांडून वाण घेऊन आल्या. "वाण परत मागत नाहीत हे मले माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण बहीण माझी आहे."

रजतने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिला पेन ड्राइव्ह लावला. "सन्माननीय व्यासपीठ, आजच्या या भावपूर्ण..." सगळ्या बाया एकदम ओरडल्या. मारोतरावांचा तो काढून फेकण्यात आला आणि दुसरा लागला.

आधी कुकरची एक शिट्टी ऐकू आली. मग आवाज आला. स्वच्छ, उंच, कुठेही न अडखळणारा, माहेरच्या अंगणात सासरच्या सगळ्यांची खोडी काढणारा आवाज. प्रेमिलाबाई उभ्या होत्या तिथेच थांबल्या, हात गळ्यावर गेला. चंद्रभानजी त्यांच्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते. पण त्या तिकडे गेल्या नाहीत. खाली सतरंजीवर बसल्या.

ध्रुपद आलं तशा बाया टाळ्या देऊन म्हणायला लागल्या. दुसऱ्या ध्रुपदाला प्रेमिलाबाईंचे ओठ हलले. तिसऱ्याला त्यांचा आवाज लागला, खालून, खरबरीत, आपल्याच जुन्या आवाजाच्या पायाशी बसल्यासारखा. वरच्या पट्टीला तो फुटला. त्या क्षणभर थांबल्या, पण ती जागा बायांनी उचलून नेली आणि पुढच्या ओळीला त्यांना परत आणून सोडलं. चंद्रभानजी भिंतीला टेकून रडत होते आणि लपवत नव्हते.

गाणं संपलं. रजत म्हणाला, "काका, मी सगळं एकत्र करून घेतो, अन् ज्यांचं पुसलं गेलं त्यांना परत भरून देतो. प्रत प्रत्येक घरी राहील. काटोललाही."

"अन् आमच्याकडे फक्त स्थळप्रत," चंद्रभानजी म्हणाले. आवाज अजून ओला होता, पण कार्यालयीन थाट आला होता.

प्रेमिलाबाई टीव्हीकडेच पाहत होत्या. "यात शेवटचं कडवं मी चुकली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा सांगितलं नाही. अन् ती कुकरची शिट्टी पण आली. नीट म्हणून देऊ का? आता जसं येते तसं. ते बी राहू द्या, हे बी राहू द्या."

सगळ्या बाया चंद्रभानजींकडे वळल्या. त्यांनी कोपऱ्यातला स्टूल भिंतीशी ओढला, त्यावर चढले, आणि घड्याळाचा सेल काढला.